नवीन ट्रकचं कोटेशन: एक्स-शोरूमच्या खालच्या कोणत्या ओळी द्यायच्या आणि कोणत्या नाही?

माळवा_मालवाहतूक (इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण नवीन गाडी घेणाऱ्या कोणाच्याही कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितोय. मी देवास नाक्याजवळच्या एका छोट्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचे हिशेब बघतो. आमच्याकडे खूप वर्षं गाडी चालवणारे एक दादा आता स्वतःची पहिली गाडी घेताहेत. सहा चाकी, फॅक्टरी बॉडी, जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं कमाल वजन) १२ टनांच्या आतली. त्यांना आलेलं कोटेशन माझ्यासमोर आहे आणि ते बघून मला राग आलाय, म्हणून हा धागा.

एक्स-शोरूम २१,४०,०००. इथपर्यंत ठीक. त्याच्या खाली विमा ९२,०००, मग "आरटीओ + परमिट लमसम" १,३५,०००, हँडलिंग अँड लॉजिस्टिक १८,५००, एक्सेसरी किट १४,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी ३८,०००, फास्टॅग १,५००, फाइल चार्ज ५,००० आणि टीसीएस २१,४००. सगळं मिळून २४,६५,४००. दादांनी विचारलं की हे हँडलिंग काय असतं, तर सेल्सवाला म्हणाला "सबको लगता है, सिस्टम में आता है". आणि हे १८,५०० रोख द्यायचे, कारण फायनान्सवाला इनव्हॉइसवर नसलेल्या रकमेला कर्ज देत नाही. म्हणजे आधीच मार्जिन मनीसाठी (कर्जाशिवायचा स्वतःचा वाटा) बायकोचे दागिने मोडून बसलेल्या माणसाने वरून हे पैसे उसने आणायचे.

मला सगळ्यात जास्त जे लागलं ते हे की आमच्याच ओळखीतले एक मोठे गाडीमालक, ज्यांच्या नावावर पंचवीसेक गाड्या आहेत, त्यांच्या इनव्हॉइसवर यातली अर्धी नावंसुद्धा नाहीत. हँडलिंग नाही, किट नाही, फाइल चार्ज नाही. त्यांना कोणी विचारतही नाही. जो पहिल्यांदा घेतोय, एकच घेतोय, ज्याला इंग्रजीतलं कोटेशन वाचता येत नाही, बरोबर त्याच्याच गळ्यात हे सगळं मारलं जातं.

तर ज्यांनी अलीकडे गाडी घेतलीय किंवा या धंद्यात आहेत त्यांनी कृपया ओळीओळीने सांगा. शोरूमचं नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका, मुद्दा एका शोरूमचा नाहीये.

---

रामबाग_काका

चांगला विषय काढलात. मी आता या धंद्यातून बाहेर आहे पण आयुष्य त्यातच गेलं. पहिली गोष्ट, एक्स-शोरूम म्हणजेच गाडी शोरूमच्या दारात उभी असतानाची किंमत. मग ती पीथमपूरहून आली असो, जमशेदपूरहून येवो नाहीतर होसूरहून, तिथपर्यंत आणायचं भाडं त्या आकड्यात धरलेलं असतं. त्यामुळे लॉजिस्टिकचे वेगळे पैसे मागणं म्हणजे एकाच भाड्याचे दोनदा पैसे.

दुसरं, हँडलिंग म्हणजे काय तर म्हणतील गाडी यार्डातून आरटीओला नेणं, धुणं, तपासणं. अहो, पण ते त्यांचंच काम आहे! मोटर वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून त्याच राज्यात नोंद होणाऱ्या नव्या गाडीचा नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचाय. आणि ट्रेड सर्टिफिकेटवर (डीलरचा आरटीओ परवाना) धंदा करणाऱ्याला बिननोंदणीची गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही, तात्पुरती का होईना नोंद लागतेच, हा तर जुनाच नियम. ज्या कामाशिवाय त्याला गाडी विकताच येत नाही त्याचे पैसे तुमच्याकडून कशाला?

नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावलेत का तेही बघा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीने-डीलरनेच बसवून द्यायचीय.

---

शोरूमकडचा

मी एका शोरूममध्ये (गाव सांगत नाही) बरीच वर्षं आहे, त्यामुळे आमची बाजूही मांडतो, राग मानू नये.

ट्रकच्या धंद्यात डीलरला गाडीवर फार सुटत नाही. गिऱ्हाईक चार शोरूमची कोटेशनं हातात घेऊन येतं आणि पाच हजारांवरून दुसरीकडे जातं. गाडी यार्डात उभी असते त्यावर आम्ही बँकेला व्याज भरतो, आरटीओच्या फाइलींसाठी माणसं ठेवावी लागतात, तिथे एकेका फाइलीच्या मागे दिवस जातो. हा खर्च खरा आहे. मग मालक म्हणतात की तो कुठूनतरी काढा, आणि तो विमा, किट, हँडलिंग अशा ठिकाणांहून निघतो. मी हे बरोबर आहे म्हणत नाहीये, कसं चालतं ते सांगतोय.

माळवाभाऊ म्हणतात तेही खरं आहे. फ्लीटवाल्याला आम्ही हे लावत नाही कारण तो उठून जाईल आणि सोबत पंचवीस गाड्यांची सर्व्हिसही घेऊन जाईल.

---

माळवा_मालवाहतूक

@शोरूमकडचा, मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार, राग अजिबात नाही. पण माझं म्हणणं एवढंच की खर्च खरा असेल तर तो गाडीच्या किमतीत धरा, इनव्हॉइसवर घ्या, त्यावर जीएसटी लावा आणि गिऱ्हाईकाला आधीच आकडा सांगा. मग तो चार ठिकाणी तुलना तरी करेल. आत्ता काय होतं, फोनवर एक्स-शोरूम सांगतात तेव्हा सगळ्यात स्वस्त, बुकिंगचे पैसे अडकले की एकेक ओळ बाहेर येते. आणि कर्ज मंजूर होऊन गाडी अलॉट झाल्यावर त्या बिचाऱ्यात उठून जायची ताकद उरलेली नसते.

ती "लमसम" वाली ओळ तर मला सगळ्यात घातक वाटते. सरकारी फी लमसम कशी असू शकते? ती तर पैशापर्यंत ठरलेली असते.

---

खातेवही_ताई (स्नेह नगर)

मी सीएच्या ऑफिसात आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांची बरीच कामं आमच्याकडे असतात. लमसमबद्दल अगदी बरोबर. त्या ओळीचे तुकडे करून मागा. दादांची गाडी साडेसात ते बारा टनांमधली म्हणजे कायद्याच्या भाषेत मध्यम मालवाहू, तिची केंद्रीय नियमातली नोंदणी फी १,००० रुपये. कर्ज असेल तर बोजा चढवायची फी ३,०००. नॅशनल परमिट घ्यायचं असेल तर वर्षाची एकत्रित फी १६,५०० आणि ऑथरायझेशनचे १,०००. राहिला राज्याचा रोड टॅक्स आणि किरकोळ स्मार्ट कार्ड वगैरे. हे सगळं परिवहन पोर्टलवर भरलं जातं आणि प्रत्येकाची पावती निघते, गाडीच्या नंबरासकट. तुम्ही शोरूमला लेखी सांगा की पावतीवर असेल तेवढं देऊ, पावती निघाल्यावर उरलेले परत करा. एकदा असं लिहून मागितलं की लमसमचा आकडा आपोआप खाली येतो, हे मी बघितलंय.

आणि नॅशनल परमिट खरंच हवंय का तेही ठरवा. दादा इंदूर-भोपाळ-जबलपूरच करणार असतील तर राज्याचं परमिट पुरतं. मुंबई-अहमदाबाद करणार असतील तरच नॅशनल. (३ टनांच्या आतल्या छोट्या गाड्यांना तर मालवाहू परमिट लागतच नाही, तरी कोटेशनमध्ये परमिट लिहिलेलं मी पाहिलंय.)

आता टीसीएस. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का घेतात तो बरोबर आहे, त्यावर भांडू नका. पण हा काही चार्ज नाही, तो तुमचाच आयकर आहे जो आधी जमा झालाय. पॅन नीट दिलंय का बघा, नंतर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमच्या जमा कराची नोंद) दिसायला पाहिजे. आणि इथे दादांसारख्या माणसाचं मोठं नुकसान होतं: एका गाडीवाला आयकर रिटर्न भरतच नाही. १२ टनांपर्यंतच्या गाडीला अनुमानित पद्धतीत (खऱ्या नफ्याऐवजी ठरावीक आकडा धरतात ती) महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे वर्षाचे ९०,०००. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. मग ते २१,४०० पूर्ण परत मिळतात! फक्त रिटर्न भरायला हवं. वर्षानुवर्षं लोक हे पैसे सोडून देतात, जीव तुटतो.

---

चाकं_सहा

मला वाटतं तुम्ही लोक उगाच ओळीओळीचा कीस पाडताय. मी सरळ विचारतो, चावी हातात मिळेपर्यंत एकूण किती? जो कमी सांगेल त्याच्याकडून घ्यायची. त्याने हँडलिंग लावू दे नाहीतर आणखी काही, मला एकूण आकड्याशी मतलब. ओळी काढायला लावल्या तर तो डिस्काउंट कमी करेल, शेवटी तेवढंच.

---

खातेवही_ताई (स्नेह नगर)

@चाकं_सहा, खिशातून किती गेले एवढंच बघायचं असतं तर मान्य केलं असतं दादा. पण पैसे कोणत्या ओळीत गेले यावर पुढचं सगळं ठरतं.

गाडीच्या इनव्हॉइसवर जे आहे त्यावर घसारा मिळतो, भाड्याने चालवायच्या ट्रकवर ३० टक्के. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने स्वतःच्या मालासाठी गाडी घेतली तर त्या इनव्हॉइसवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तेवढा कर त्याच्या पुढच्या जीएसटीतून वजा होतो (क्रेडिट घेतलं तर त्या कराच्या रकमेवर घसारा नाही, दोन्ही एकदम नाही). जो ट्रान्सपोर्टवाला ५ टक्के किंवा रिव्हर्स चार्जमध्ये (कर गिऱ्हाईक भरतं) काम करतो त्याला ते क्रेडिट नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जीएसटी हा सरळ खर्च. पण कच्च्या चिठ्ठीवर दिलेल्या १८,५०० चं कोणालाच काही मिळत नाही. ना क्रेडिट, ना घसारा, ना कर्ज, ना उद्या तक्रार करायला पुरावा.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

आमच्याकडचं एक सांगतो कारण इंदूरचेही बरेच जण त्यासाठी इकडे येतात. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, १९०५ पासूनचा, हिवाळ्यात भरतो. गेल्या काही मेळ्यांत सरकारने तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट दिली होती, उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही तशीच. पण ती खासगी गाड्या आणि हलक्या परिवहन वाहनांना होती. हलकं म्हणजे साडेसात टनांच्या आतलं. दादांची गाडी त्यात बसणार नाही. तरी "मेले का ऑफर है" म्हणून सगळ्याच ट्रकवाल्यांना बुकिंग करायला लावणारे भेटतात, म्हणून लिहिलं. शिवाय त्या-त्या वर्षी आदेश निघाला असेल तरच सूट, आणि नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत करावी लागते. ज्यांना छोटा हत्ती किंवा पिकअपसारखी गाडी घ्यायचीय त्यांनी मात्र मेळ्याची वाट जरूर बघावी.

---

दांडियाबाजार (बडोदा)

विम्याबद्दल मी लिहितो, माझं कामच ते आहे. ९२,००० हा आकडा मला फुगवलेला वाटतो.

विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) हप्ता सरकार ठरवतं, तो कुठल्याही कंपनीत एकच. २०२२ च्या अधिसूचनेत साडेसात टनांपर्यंत १६,०४९, साडेसात ते बारा टन २७,१८६, बारा ते वीस टन ३५,३१३, वीस ते चाळीस टन ४३,९५० आणि त्याच्यावर ४४,२४२ असे दर आहेत. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये अजून १२ किंवा १८ लावलाय का ते तपासा. म्हणजे दादांचा थर्ड पार्टी साधारण २८,५४५. बाकीचे ६३ हजार ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि त्याच्या शेपट्या.

सगळा खेळ या ओन डॅमेजमध्ये असतो, कारण त्यावर कंपन्या सूट देतात आणि ती सूट गिऱ्हाईकापर्यंत पोचतेच असं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणांहून कोटेशन काढा पण तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखी ठेवा. नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात म्हणजे इथे २०,३३,०००. कोणी १८ लाख आयडीव्ही धरून स्वस्त विमा दाखवेल, त्याला भुलू नका, गाडी चोरीला गेली तर कर्ज फिटणार नाही.

आणि पॉलिसीत आयएमटी-२३ हे जोड-कव्हर आहे का बघा. हे ट्रकवाल्यांना कोणी सांगत नाही. ते नसेल तर गाडी ठोकली गेल्यावर दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांचे पैसे मिळत नाहीत, आणि ट्रकचं पहिलं नुकसान तिथेच होतं. चालक-क्लिनरचं लीगल लायबिलिटी कव्हरही घ्या, माणशी ५० रुपयांच्या आसपास असतं, त्यात कंजुषी करण्यात काही अर्थ नाही.

शोरूमकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. विमा प्राधिकरणाने डीलरांसाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सक्तीला मनाई आहे. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही" असं म्हणतील, पण कॅशलेस हा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातला करार असतो. तुमची कंपनी त्या वर्कशॉपच्या यादीत आहे का एवढं विचारून घ्या, विषय संपला.

---

माळवा_मालवाहतूक

@दांडियाबाजार, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच दोन ठिकाणी विचारलं. त्याच आयडीव्हीला, आयएमटी-२३ सकट ७१,००० आलंय. म्हणजे एका ओळीत २१,००० चा फरक! हे पैसे म्हणजे दादांच्या कर्जाचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा हप्ता आहे.

सेल्सवाल्याचं आणखी एक ऐकवतो. डिस्काउंट मागितला तर म्हणे "जीएसटी कम हो गया ना, वही डिस्काउंट है". खरंच असं असतं का?

---

खातेवही_ताई (स्नेह नगर)

नाही, अजिबात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला, तो सरकारने सोडलेला कर आहे. तुमच्या २१,४०,००० मधली करापूर्वीची किंमत १८,१३,५५९ येते, जुन्या दराने हीच गाडी २३,२१,००० च्या पुढे गेली असती. तो फरक ग्राहकाला मिळायलाच हवा होता. डीलर जो डिस्काउंट देतो तो या १८,१३,५५९ मधून कमी व्हायला हवा. तिथे एक लाख कमी झाले तर त्यावरचे १८,००० जीएसटीही वाचतात.

---

शोरूमकडचा

ताईंनी लिहिलं त्याला जोडून, कारण हे आतल्या माणसालाच माहीत असतं. डिस्काउंट कुठे दाखवतात याकडे लक्ष द्या. बऱ्याचदा इनव्हॉइस पूर्ण किमतीचं बनवतात आणि डिस्काउंट "मार्जिनमध्ये ॲडजस्ट" करतात. गिऱ्हाईक खूश, कारण खिशातून कमी पैसे गेले. पण इनव्हॉइस जास्तीचं म्हणून कर्ज जास्तीचं, विम्याचा हप्ता जास्तीचा, टीसीएस जास्तीचा, आणि किमतीवर टॅक्स असेल तर तोही. चार वर्षं त्या डिस्काउंटवर तुम्ही व्याज भरता. म्हणून डिस्काउंट इनव्हॉइसवरच कमी करून मागा. आम्हाला ते करता येतं.

आणि गाडी कधी बनलीय ते बघा. फॉर्म २२ वर (गाडीबरोबर येणारं कंपनीचं प्रमाणपत्र) निर्मितीचा महिना-वर्ष असतं, चॅसी नंबरातही सांकेतिक अक्षरात असतं. जानेवारीत गेल्या वर्षीची गाडी गळ्यात पडली तर विकताना ती एक वर्ष जुनीच धरतात. गेल्या वर्षीची गाडी घ्यायला हरकत नाही पण मग त्याचा वेगळा डिस्काउंट वाजवून घ्या. मार्चच्या शेवटी आणि तिमाही संपताना आमच्यावर टार्गेटचा दबाव असतो, तेव्हा नाक दाबलं की तोंड उघडतं.

किटबद्दल: जॅक, टूल, स्टेपनी, वॉर्निंग ट्रँगल गाडीबरोबरच येतं, डिलिव्हरी चेकलिस्ट मागा. फॅक्टरी बॉडीला रिफ्लेक्टिव टेप लावलेली असायलाच हवी. ऑक्टोबर २०१५ नंतरच्या ट्रकला स्पीड गव्हर्नरही कंपनीतूनच येतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. सीट कव्हर आणि मॅट बाहेर निम्म्यात मिळतात.

---

रामबाग_काका

वा! शोरूमच्या माणसाने एवढं सांगणं म्हणजे मोठीच गोष्ट. मी बॉडीबद्दल थोडं जोडतो, कारण सगळे फॅक्टरी बॉडी घेत नाहीत. चॅसी घेऊन बाहेर बॉडी बांधायची असेल तर बॉडीवाल्याकडे एआयएस-०९३ (ट्रकच्या बॉडीचं मानक) प्रमाणे मान्यता आहे का आधी बघा, नाहीतर पासिंगला अडेल आणि गाडी महिनाभर उभी, हप्ता मात्र सुरू. पत्र्याची जाडी, आडव्या पट्ट्यांचं अंतर, फळ्या कुठल्या लाकडाच्या, सगळं लिहून घ्या. आणि बॉडीचं वजन! ठरलेल्यापेक्षा जास्त वजनाची बॉडी बांधली तर तेवढा माल दर फेरीला कमी भरावा लागतो. मजबूत बॉडी म्हणून पैसे जास्त घेतात आणि गाडीच्या कमाईला कायमची कात्री.

---

हप्तेवाला

कर्जाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण खरा पैसा तिथे जातो. हँडलिंगचे १८ हजार एकदाच जातात.

फायनान्सवाला म्हणेल "सात टक्का". विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर)? २० लाख, चार वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ५,६०,०००, हप्ता ५३,३३३. आता हाच हप्ता रिड्युसिंगमध्ये बसवून बघा, दर साडेबारा टक्क्यांच्याही वर निघतो. बँकेने ११ टक्के रिड्युसिंग सांगितलं तर ऐकायला महाग वाटतं, पण प्रत्यक्षात स्वस्त.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे, बँक असो वा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी). त्यात सगळे चार्ज धरून वार्षिक खर्चाचा एकच टक्का लिहिलेला असतो, आणि तो कागद ग्राहकाला समजेल अशा भाषेत हवा. त्यात जे लिहिलेलं नाही ते मधेच तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. हा कागद सही करायच्या आधी घ्या आणि घरी न्या. प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट फी, आणि विशेषतः कर्जदाराच्या जीवनविम्याचा एकरकमी हप्ता गुपचूप कर्जात घातलाय का ते त्यात दिसतं. तो विमा घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, घरात कमावणारा एकटाच असेल तर मी म्हणेन घ्या, पण बाहेरची टर्म पॉलिसी काय भावाने मिळते ते बघून.

---

चाकं_सहा

ठीक आहे, डिस्काउंट मार्जिनमध्ये ॲडजस्ट करण्याचा मुद्दा मला पटला, याचा विचार केला नव्हता. पण माझा प्रश्न आहे. हे सगळं म्हणायला सोपं, समजा शोरूमवाला म्हणाला की हँडलिंग दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, तर तो एक गाडीवाला करणार काय? कोर्टात जाणार? ग्राहक कायदा तर धंद्याच्या खरेदीला लागूच होत नाही ना.

---

खातेवही_ताई (स्नेह नगर)

लागू होतो, आणि नेमका दादांसारख्या माणसालाच. व्यापारी कारणासाठीची खरेदी कायद्यातून वगळलीय हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात धरलेली नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे नीट उलगडून सांगितलंय आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा मालक हा ग्राहकच. पंचवीस गाड्यांच्या मालकाला हे म्हणणं अवघड जाईल, एकवाल्याला नाही.

बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल असं लादणं ही प्रतिबंधक प्रथा. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचा दावा जिल्हा आयोगात जातो, २० ते ५० लाखांच्या टप्प्याला फी १,००० रुपये, वकील लागतोच असं नाही. पण तिथवर जायच्या आधी १९१५ वर फोन करा, हिंदीतही बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. तो नंबर घालून शोरूमच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या एरिया ऑफिसला ईमेल टाका. मेलमध्ये एवढंच लिहायचं: हँडलिंगची रक्कम कोणत्या नियमाखाली घेता ते लेखी द्या आणि टॅक्स इनव्हॉइसवर दाखवा. भांडण नको, आरडाओरडा नको. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी ती ओळ जाते.

---

माळवा_मालवाहतूक

मंडळी, ताजी खबर. ताईंनी सांगितला तसाच मेल दादांच्या नावाने पाठवला, हिंदीत, चार ओळींचा. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःचा फोन आला. नवीन कोटेशनमध्ये हँडलिंग नाही, किट नाही, फाइल चार्ज नाही. आरटीओ आणि परमिट "पावतीप्रमाणे" असं लेखी आलंय. विमा आपण बाहेरून घेतोय. एक्स्टेंडेड वॉरंटी दादांनी आत्ता नाही म्हटलंय, कंपनीची मुदत संपायच्या आधी घेता येते असं त्यांनीच कबूल केलं. शिवाय ६०,००० डिस्काउंट, आणि तो इनव्हॉइसवर, करापूर्वीच्या किमतीत. फायनान्सवाल्याकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागितलंय, उद्या देतो म्हणालाय, ते आल्याशिवाय सही करायची नाही असं दादांना बजावलंय.

दादा स्वतः म्हणाले की मला कोणी एवढं सांगितलं असतं तर मी आधीच विचारलं असतं. आमच्या ऑफिसच्या आसपास चहाच्या टपरीवर असे कितीतरी ड्रायव्हर रोज भेटतात जे पुढच्या वर्षी-दोन वर्षांत स्वतःची गाडी घ्यायचं म्हणताहेत. त्यांच्यासाठी या धाग्यातलं हिंदीत एका पानावर लिहून काढतोय. कोणाला त्यात काही घालायचं असेल तर सांगा.

---

दांडियाबाजार (बडोदा)

एक घाला. विम्याची पॉलिसी गाडीच्या ताब्याच्या दिवशीच सुरू होते का आणि त्यावर चॅसी नंबर, इंजिन नंबर, जीव्हीडब्ल्यू बरोबर छापलेत का, हे यार्डात गाडीजवळ उभं राहून जुळवा. जीव्हीडब्ल्यू चुकीचा पडला तर थर्ड पार्टीचा गट बदलतो आणि क्लेमच्या वेळी तेवढंच कारण पुरतं. गुजरातीत हवं असेल तर मी लिहून देतो, आमच्याकडे मकरपुऱ्याला लावता येईल.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

पान झालं की इथेच टाका भाऊ. फास्टॅगची ओळ विसरू नका. त्या १,५०० मध्ये टॅगची फी किती, डिपॉझिट किती आणि बॅलन्स किती ते विचारायचं, कारण पहिलं सोडून बाकीचे पैसे गाडीमालकाचेच असतात, आणि टॅग मालकाच्याच मोबाइल नंबरावर हवा, शोरूमच्या नाही.